एक जूनची मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी बोलायला कोणी विदुषी बोलवावी अशी माझी सूचना होती. पण कार्यकारिणीने ती मानली नाही. "बाई, तुम्ही शाळेतल्या गोष्टी सांगा, आम्हांला त्याच ऐकायच्या आहेत," असा सर्वांनी आग्रह धरला. पस्तीस वर्षे मुलांपुढे बोलत आले, त्यामुळे बोलण्याची भीती अशी नाही. पण मुलांचे लक्ष नसले म्हणजे त्यांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' असे सांगता येते, ती सोय येथे नाही. तेव्हा चुकले माकले सांभाळून घ्यावे.

१९७८ च्या जूनमध्ये मी आपल्या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. मध्ये दोनदा बदलीवर बाहेर गेले, पण फिरून येथेच आले. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हापासून आपली शाळा जिल्हा परिषदेची झाली होती. पण मी आले तेव्हाही जुनी माणसे तिला 'बोर्डाची शाळा'च म्हणत. चार कौलारू खोल्या, पुढे पटांगण आणि पटांगणाच्या कडेला लिंब. आपल्यापैकी कितीजणी त्या लिंबाखाली पाढे म्हणून मोठ्या झाल्या आहेत, हे समोर पाहूनच कळते आहे.

शाळेतल्या लहानसहान रिती कोणत्याही पुस्तकात लिहिलेल्या नसतात, पण त्या मोडल्या तर मुले रुसतात. आपल्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा. तो वाजवण्याचा मान आठवडाभर एकाच मुलाचा, आणि तो मिळावा म्हणून दांडी मारणारी मुलेही त्या आठवड्यात वेळेआधी येत. सकाळी वर्ग झाडून दारात सडा घालायचा. मी आले तेव्हा हे काम मुलींचेच होते आणि मुलगे उभे राहून पाहत. पुढे आम्ही पाळी लावली, तेव्हा दोन पालक भांडायला आले. "माझ्या पोराच्या हातात केरसुणी कशाला?" असे एकाने विचारले. आमचे हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "पुढं लग्न झाल्यावर सूनबाई दुवा देईल." तो पालक हसत परत गेला.

मग परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. शनिवारी सकाळची शाळा आणि कवायत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाट्या लिंबाखालच्या हौदावर नेऊन कोळशाने घासायच्या, आणि मग त्यांवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. ज्याला अजून दुसरे काही लिहिता येत नाही त्यालाही एक तर काढता येतो. म्हणून त्या दिवशी वर्गात कोणीच मागे नसे. हस्त नक्षत्र लागले की मुलींचा हादगा. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा कानाशी हलवून आवाजावरून चुरमुरे की शेंगदाणे हे सांगणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि पुढे शाळेत शिजवलेले अन्न मिळू लागले. तेव्हापासून दुपारी खिचडीची पंगत बसू लागली. पहिल्या दिवशी काही मुले घरच्या सांगण्यावरून वेगळी बसली होती. आम्ही कोणाला काही बोललो नाही. फक्त वाढण्याची पाळी सर्वांची लावली. महिन्याभरात ती वेगळी ओळ मोडली.

हे सारे मी कौतुकाने सांगते आहे खरे, पण आज सांगायचे आहे ते निराळेच. शाळेची आणखी एक जुनी रीत होती. तिच्यात माझा हात होता आणि तिच्यामुळे एका मुलीचे नुकसान झाले. इतकी वर्षे ही गोष्ट मी चारचौघींत बोलले नव्हते. ज्या मुलीची ही हकीकत आहे तिला विचारूनच आज बोलते आहे. "सांगा, पण नाव नको," असे ती म्हणाली.

ही रीत म्हणजे एक जूनची. या सभेत ज्यांच्या दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख आहे त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हटले तर निम्मे हात वर होतील. (हशा) हसू नका, खरोखरच वर करा पाहू. पाहिलेत? आणि घरी यजमानांना, दिरांना, नणंदांना विचारा, तिथेही हेच. एवढे लोक एकाच दिवशी जन्माला आले काय? मुळीच नाही. त्यांना त्या दिवशी आम्ही मास्तर-बाईंनी जन्माला घातले.

हे कसे होई ते सांगते. त्या काळी घरी बाळंत होणाऱ्या बायकाच फार. मुलाच्या जन्माची नोंद कोणी करी, कोणी करीत नसे. जून महिन्यात आम्ही पटनोंदणीला घरोघर फिरत असू. मूल शाळेजोगे झाले की नाही हे पाहायचे तर उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगायचा. कान हाताला लागला की मूल शाळेत घेण्याजोगे झाले! मग जन्मतारीख विचारायची. आई सांगे, "पेरणीच्या दिवसांत झाला," आजी सांगे, "भूकंपाच्या आधी." भूकंप म्हणजे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. आपल्या सातारा जिल्ह्यात ते मोठे कॅलेंडरच होते. दुसरे कॅलेंडर म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. या सगळ्याची तारीख काढत बसायला वेळ कोणाला? शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. सालातून सहा वजा केले, पुढे एक जून लिहिले, की हिशेब चोख. सहा वर्षांच्या मुलाबद्दल कोणाची हरकत उरत नसे.

आमचे हेडमास्तर फार सज्जन गृहस्थ होते. पण त्यांनीच मला पहिल्या आठवड्यात सांगितले, "बाई, तारखेचा घोळ घालत बसू नका. एक जून टाका आणि पुढच्या घरी चला. पट भरला नाही तर एक शिक्षक कमी होईल." तेवीस वर्षांची मी. नोकरी नवी. पट कमी झाला तर सर्वांत नवी म्हणून मीच जाणार, हे न सांगताही मला कळत होते.

त्याच आठवड्यात वरच्या आळीत एका घरी गेले. घरातला थोरला मुलगा दुसरीत होता, त्याच्यामागे ही मुलगी. हात डोक्यावरून घेतला तर कान काही हाताला लागेना. मान वाकडी करून तिने तो कसाबसा धरला आणि विजयाने माझ्याकडे पाहिले. तिची आई म्हणाली, "घ्या की बाई तिला. आम्ही रोजानं जातो, ही एकटी घरात ऱ्हाती." मी जन्म विचारला. आजी उंबऱ्यात शेंगा फोडीत बसली होती. ती म्हणाली, "दुष्काळात हिची आई पोटुशी असून खडी फोडायला जात हुती. दुष्काळ सरला, पाऊस झाला, आन् नागपंचमीच्या दिवशी ही झाली बगा. झोका बांधला हुता तवर हिचा टाहो ऐकू आला."

भगिनींनो, याहून स्वच्छ जन्मतारीख कोणती हवी? दुष्काळ सरला ते साल १९७३. त्या वर्षीची नागपंचमी म्हणजे ऑगस्टचा आरंभ. मुलगी पुरी पाच वर्षांचीही नव्हती. पंचांग पाहायला मला पाच मिनिटे लागली असती. मी दाखलखारीज रजिस्टर उघडले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले : १ जून १९७२. दुष्काळानंतर झालेल्या मुलीला मी दुष्काळाआधी जन्माला घातले. तिच्या आयुष्यात चौदा महिने वाढवले. त्याच दिवशी अशी आणखी सहा नावे लिहिली आणि पट भरला म्हणून हेडमास्तरांनी चहा पाजला.

त्यात माझा वाईट हेतू नव्हता, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले आहे. तिला त्या वर्षी घेतले नसते तर ती घरी राहिली असती आणि पुढच्या वर्षी कोणाचे तरी मूल सांभाळायला लागली असती, हेही खोटे नाही. पण दुसरा मार्ग होता. धाकटी भावंडे कडेवर घेऊन येणाऱ्या मुली आमच्या वर्गात रोज बसत. तिलाही वर्षभर तशीच बसू देता आली असती, आणि नाव पुढच्या जूनमध्ये खऱ्या तारखेने लिहिता आले असते. मला तो मार्ग सुचला नाही, कारण मला पट हवा होता.

आता एक योगायोग पाहा. ज्या १९७८ साली मी ही तारीख लिहिली, त्याच साली कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय पंधरावरून अठरा केले.

मुलगी हुशार निघाली. चौथीला पहिली, सातवीला पहिली. शाळेच्या रजिस्टरातली तारीख दाखल्यावर जाते, दाखल्यावरची हायस्कुलात, आणि तिथून दहावीच्या प्रमाणपत्रावर. पुढे ती बदलणे फार कठीण. माझी एक जून अशी तिच्या मागोमाग चालली होती. १९९० साली ती बारावी झाली. तिला पुढे शिकायचे होते. मे महिन्यात एके दिवशी तिचे वडील शाळेत आले आणि जन्मतारखेचा उतारा मागू लागले. हेडमास्तरांनी सांगितले, मी रजिस्टर काढून उतारा लिहून दिला. कशाला हवा, एवढेही मी विचारले नाही.

पंधरा दिवसांनी तिचे लग्न ठरल्याची बातमी आली. तेव्हा आपल्या मंडळात अशा प्रसंगी घरी जाऊन समजावण्याचा प्रघात होता, तो आजही आहे. आम्ही तिघीजणी गेलो. वडिलांनी आदराने बसवले, पाणी दिले. आम्ही म्हटले, मुलगी लहान आहे, शिकू द्या. त्यांनी ट्रंकेतून एक कागद काढून आमच्यापुढे ठेवला. "एक जूनला अठरा भरली, बाई. कायद्यानं हाय सगळं." कागदावर अक्षर माझे होते.

आत दाराशी मुलगी उभी होती. ती हळूच म्हणाली, "पण मी नागपंचमीची आहे. आजी सांगायची." वडील म्हणाले, "ते घरातलं झालं. सरकारी हे." मग तिने माझ्याकडे पाहिले. लहानपणी कान धरून पाहिले होते तशीच तिने मान जरा वाकडी केली होती. सोबतच्या दोघी माझ्या बोलण्याची वाट पाहत होत्या. त्या घरात त्या वेळी 'ही तारीख मी अंदाजाने लिहिली आहे' असे म्हणू शकणारी एकटी मीच होते. मी तसे म्हटले नाही. नोकरीची भीती वाटली, लाज वाटली, काय वाटले ते आजही नीट सांगता येत नाही. आम्ही उठून आलो. त्या ज्येष्ठात तिचे लग्न झाले. तेव्हा तिला सतरावेही पुरे झाले नव्हते.

तिचा संसार वाईट झाला असे नाही. माणसे बरी निघाली. पण शिक्षण सुटले ते सुटलेच, आणि पहिल्या बाळंतपणात ती फार आजारी पडली. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली.

पुढे तिच्या यजमानांनी आपल्या गावात दुकान घातले. १९९८ च्या जूनमध्ये ती त्या मुलीला घेऊन शाळेत आली. मी टेबलाशी बसले होते. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला जन्माचा दाखला काढला. मुलगी झाली त्या आठवड्यातच तिने ग्रामपंचायतीत माणूस पाठवून नोंद करवली होती. कागद माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "बाई, आधी तारीख लिहा. नाव नंतर लिहिलं तरी चालेल." मी तारीख लिहिली. तिने रजिस्टरात डोकावून वर्ष, महिना, दिवस असे बोटाने तपासले. मग मी तिला म्हटले, "तुझी चुकली, त्याचं काय करू?" ती म्हणाली, "माझी राहू द्या. पुढच्यांची बघा."

त्या दिवसापासून मी अंदाजाने एकही तारीख लिहिली नाही. पंचांग आणि जुन्या दिनदर्शिका शाळेच्या कपाटात आणून ठेवल्या. आजीने सण सांगितला, आईने जत्रा सांगितली, की बसून तारीख काढायची आणि घरच्यांना वाचून दाखवायची. अर्धा तास जाई, पण सापडे.

आणि एक नवी रीत आम्ही सुरू केली. पुढे शाळेत वाढदिवसाला परिपाठात उभे करून टाळ्या वाजवायची पद्धत आली. ज्याचा वाढदिवस तो गोळ्या वाटी. पण एक जूनला शाळेला सुटी, त्यामुळे या मुलांना कधीच टाळ्या मिळत नसत. एका मुलाने मला विचारले, "बाई, आमचा वाढदिवस सुटीतच का ठेवला?" म्हणून शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी 'एक जूनवाल्यां'चा वाढदिवस करू लागलो. गूळ-शेंगदाणे शाळेचे, कोणी घरून काही आणायचे नाही. पहिल्या वर्षी तिसरी-चौथीची तेवीस मुले एकदम पुढे आली आणि टाळ्या वाजवायला मागे थोडीच उरली! पुढे दर वर्षी ती रांग आखूड होत गेली. मी निवृत्त झाले त्या वर्षी रांगेत एकच मुलगा होता, आणि तो खरोखरच एक जूनला जन्मलेला होता.

आता कोणी म्हणेल, बाई, ही जुनी गोष्ट झाली, हल्ली सगळी बाळंतपणे दवाखान्यात होतात. बऱ्याच अंशी ते खरे आहे. दवाखान्यात मूल झाले तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी झाले तर घरातल्या कर्त्या माणसाची. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. जिथे जन्म झाला तिथेच एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची. बारसे झाले नसले तरी अडत नाही, नाव मागाहून घालता येते. उशीर झाला तर दंड, आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या हुकमापर्यंत जावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यात दुरुस्ती अमलात आली आहे आणि त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पुढे पुष्कळ ठिकाणी हाच एक दाखला पुरावा म्हणून लागणार आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला शाळेत नाकारता येत नाही. ते योग्यच आहे. पण दाखला नसलेल्या मुलाची तारीख मग कोणीतरी पुन्हा अंदाजानेच लिहील, ही भीती राहतेच.

अशी मुले कुठे आहेत? फार लांब जायला नको. कारखान्याचा हंगाम चालू आहे. ओढ्याच्या पलीकडे ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडल्या आहेत. बीडकडून आलेल्या बाया पहाटे फडात जातात, काहीजणी भरत आलेले दिवस घेऊन जातात. एखादीचे बाळंतपण त्या कोपीतच होते. नोंद व्हायची ती जन्माच्या ठिकाणी, म्हणजे आपल्या गावात. हंगाम संपला की गाड्या भरून त्या परत जातात, आणि मुलाचा जन्म आपल्या ग्रामपंचायतीच्या वहीत राहायचा तो राहूनच जातो. सहा वर्षांनी तिकडच्या कुठल्या तरी शाळेत एखादी नवी बाई त्या मुलीला उजव्या हाताने डावा कान धरायला सांगेल.

म्हणून माझी आपल्याला एकच विनंती आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू आपण दर वर्षी याच सभागृहात करतो. या वर्षी त्यातला एक दिवस ओढ्यापलीकडे करू. त्या बायांनाही सवाष्णीचा मान द्यावा, तिळगूळ द्यावा, वाण लुटावे. आणि तान्हे मूल कडेवर असलेल्या प्रत्येकीला विचारावे, "बाळाची नोंद झाली का?" झाली नसेल तर बाळाचा दिवस, आईबापांची नावे लिहून घ्यावीत आणि त्यांच्यातल्या कोणाला तरी सोबत घेऊन ग्रामपंचायतीत जावे. त्यांची मजुरी बुडणार नाही अशी वेळ पाहावी. ग्रामसेवकांशी मी बोलले आहे, ते मदत करतील. वही आणि पंचांग मी आणते. माझ्यासोबत येणाऱ्या तीन-चारजणी मिळाल्या म्हणजे पुरे.

एक नाव मिळालेच आहे. जिची ही हकीकत सांगितली तिने कालच सांगून ठेवले आहे की ती येणार. तारखा तीच लिहून घेणार आहे, मला लिहू देणार नाही म्हणते. (हशा) तिचे म्हणणे मला मान्य आहे.

 नावे द्यायची असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत.